वल्ह्याखाली पेटणारं पाणी

अमावास्येला प्रवासाला निघू नये, असं बजावणारं माणूस आजही बऱ्याच मराठी घरांत सापडतं. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावर मात्र सहलींचं सगळं गणित अमावास्येभोवती बांधलेलं असतं. अमावास्येच्या मागच्यापुढच्या रात्रींना मागणी सर्वांत जास्त, आणि पौर्णिमा आली की अनेक होडीवाले सरळ सुट्टी घेतात. तिथे जे बघायला लोक येतात, त्याला चंद्राचा उजेड चालत नाही.

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मॉस्किटो बे नावाची लहानशी, उथळ खाडी आहे. दिवसा तिथे मुद्दाम जावं असं काही नाही. काठाला खारफुटीची दाट रांग, पायाखाली चिखल आणि नावाला जागणारे डास. रात्री त्याच पाण्यात वल्हं घातलं की पात्याभोवती निळसर उजेडाचा लोट उठतो आणि वल्हं बाहेर येईपर्यंत विझूनही जातो. कयाकच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना उजेडाच्या रेघा फाकतात. खालून एखादा मासा दचकून पळाला तर मासा दिसत नाही, त्याची वाट दिसते. वल्हं नुसतं हवेत धरून ठेवलं तर त्यावरून निथळणारा प्रत्येक थेंब पाण्यावर टेकताना एक बारीक चमकतं कडं उमटवतो. पाऊस आला तर सहल फुकट गेली असं इथे कोणी म्हणत नाही. उलट प्रत्येक सर अख्ख्या खाडीवर ठिणग्या पेरत जाते.

गिनेस बुकाने जगातली सर्वांत तेजस्वी जैवप्रकाशी खाडी म्हणून हिची नोंद केली आहे.

व्हिएकेस जेमतेम ३४ किलोमीटर लांबीचं बेट. पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र राजधानी सॅन हुआन विमानाने चारेक तासांवर. तिथून सेइबा बंदरात जाऊन फेरीबोट धरायची किंवा छोट्या विमानाने थेट बेटावर उतरायचं. सूर्य मावळला की एस्पेरान्सा गावातून सहलीच्या गाड्या खड्ड्यांच्या कच्च्या रस्त्याने खाडीकडे निघतात. बहुतेक कयाक दोघांच्या असतात. दोघांपैकी जो दणकट त्याने मागे बसायचं, कारण दिशा मागचा ठरवतो. नवराबायकोंची पहिली कुरबूर साधारण इथेच होते.

पाण्यात उतरण्याआधी वाटाड्या नियम सांगतो. लाइफ जॅकेट सोडायचं नाही. डास पळवणारं मलम लावायचं नाही, त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालायचा. कारण त्या मलमातली रसायनं पाण्यात उतरली तर ज्या जिवांना बघायला आलो त्यांनाच ती बाधतात. पोहायला बंदी. पूर्वी लोक या पाण्यात बिनधास्त उड्या मारत आणि आपल्याच हातापायांतून उजेड सांडताना बघत. पर्यटक वाढले तशी ती मौज बंद करावी लागली. मोबाइल खिशात ठेवायचा आणि उजेड लागलाच तर लाल टॉर्च वापरायची. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. लाल रंग त्या मानाने कमी बाधतो.

हा उजेड ज्याचा, त्याचं नाव पायरोडिनियम बहामेन्स. लुडविग प्लाटे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ साली बहामा बेटांवरच्या एका खाऱ्या तळ्यातून त्याचं वर्णन केलं. आहे एकच पेशी, तीही मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. अंगावर कठीण कवच आणि पोहायला चाबकासारखे दोन तंतू. वनस्पती म्हणावं तर पोहतो, प्राणी म्हणावं तर उन्हावर अन्न तयार करतो. अशा जिवांच्या गटाला डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. मॉस्किटो बेच्या एका लिटर पाण्यात चांगल्या रात्री असे लाखाच्या वर जीव असतात, म्हणून तिथे ठिपके न दिसता सलग उजेड दिसतो.

दिवसभर ते ऊन खातात. रात्री त्यांच्या जवळचं पाणी हललं की त्याचा दाब पेशीच्या आवरणावर पडतो आणि पेशीत विजेचा एक सूक्ष्म झटका धावतो. पेशीच्या आत आम्लधर्मी रसाने भरलेली एक पोकळी असते. झटक्यासरशी त्यातलं आम्ल बारीक बारीक पुड्यांमध्ये शिरतं. त्या पुड्यांत ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ बांधून ठेवलेला असतो, तो आम्लामुळे सुटतो. ल्युसिफरेज हे विकर त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवून आणतं आणि निळा प्रकाश बाहेर पडतो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. उष्णता जवळपास नाहीच, म्हणून याला थंड प्रकाश म्हणतात. रंग निळा असण्यातही हिशेब आहे: समुद्राच्या पाण्यातून निळा प्रकाशच सर्वांत लांब जातो.

या दोन पदार्थांचा शोध समुद्रात लागला नाही, तो लागला काजव्यासारख्या चमकणाऱ्या एका भुंग्यामुळे. फ्रान्सच्या राफाएल द्युबुआने १८८०च्या दशकात त्या भुंग्याचे प्रकाशाचे अवयव कुटून एक अर्क थंड पाण्यात काढला आणि दुसरा गरम पाण्यात. थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ चमकून विझला. गरम पाण्यातला चमकलाच नाही. मग त्याने दोन्ही थंड करून एकत्र ओतले आणि भांड्यात पुन्हा उजेड झाला. म्हणजे एक जळणारा पदार्थ होता, एक जाळणारा, आणि दुसऱ्याला उष्णता सोसत नव्हती. पुढे हार्वर्डच्या वुडी हेस्टिंग्ज यांनी हयातीतली बरीच वर्षं समुद्री डायनोफ्लॅजेलेटवर घालवली. १९५०च्या दशकात बिआट्रिस स्वीनी यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की हे जीव प्रयोगशाळेत एकसारख्या मंद उजेडात ठेवले, दिवसरात्र कळायला वावच ठेवला नाही, तरी ठरावीक तासांनीच जास्त चमकतात. एका पेशीच्या आत घड्याळ असतं, हे मानायला तेव्हा बरेच जीवशास्त्रज्ञ तयार नव्हते.

पण एवढा खटाटोप कशासाठी? अन्नाला महाग असलेल्या जिवाने रोज रात्री उजेड उधळायचा म्हणजे त्यात काहीतरी फायदा असणार. याचं सर्वांत पटणारं उत्तर असं की ही चमक म्हणजे बोंब आहे. या जिवांना खाणारे कोळंबीच्या जातीचे बारीक प्राणी अंधारात त्यांच्यामागे लागतात. हात लागताच पेशी चमकते, आणि तो उजेड बघून त्या बारीक प्राण्याला खाणारा मासा धावून येतो. रात्री वाड्यात शिरलेल्या चोराला घरातली पोरं आवरू शकत नाहीत, पण आरडाओरडा करून गल्ली गोळा करू शकतात, तसंच हे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे तपासलं गेलं. अंधाऱ्या टाकीत मासे आणि त्यांचं बारीक भक्ष्य सोडलं. जिथे पाण्यात चमकणारे डायनोफ्लॅजेलेट होते तिथे माशांनी जास्त शिकार केली. शिवाय अचानक झालेल्या उजेडाने हल्लेखोर दचकून मागे हटतो, तो फायदा वेगळा.

हे कळल्यावर त्या कयाकसहलीकडे बघण्याची नजर जरा बदलते. आपण ज्याला रोषणाई म्हणतो, ती लाखो जिवांनी आपल्या वल्ह्याला शत्रू समजून मारलेली हाक असते. आणि ती फुकट मारता येत नाही. रात्रीच्या सुरुवातीला वारंवार घुसळलेलं पाणी नंतर मंद चमकतं, हे वाटाड्यांना पुरतं ठाऊक असतं. म्हणून कयाक. यंत्राच्या होडीचा पंखा पाणी ढवळतो, इंधनाचा तवंग सोडतो. वल्ह्याला हव्या तेवढ्याच जागी हात लावता येतो. पोर्तो रिकोतच याचा पडताळा मिळतो. मुख्य बेटाच्या नैऋत्य टोकाला ला पार्गेरा इथे अशीच खाडी आहे. तिथे मोटारबोटी वर्षानुवर्षं फिरल्या, किनाऱ्यावर घरं आणि दिवे वाढले, आणि तिथला उजेड एके काळच्या मानाने फिका पडला. बोटीतून उडी मारून पोहायचं असेल तर लोक अजून तिथेच जातात.

आता फोटोंबद्दल. जाहिरातींतलं पाणी गडद निळं दिसतं, आणि प्रत्यक्षात तसा निळा अपेक्षून गेलेला माणूस पहिली पाच मिनिटं खट्टू होतो. ते फोटो अनेक सेकंद पडदा उघडा ठेवून काढलेले असतात. अंधारात माणसाच्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग नीट कळत नाही, त्यामुळे पुष्कळांना हा उजेड दुधाळ, पांढरट-निळाच दिसतो. त्याऐवजी डोळ्यांना मिळते ती हालचाल, आणि ती कुठल्याही फोटोत येत नाही. साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला तर बहुतेक वेळा काळा चौकोनच मिळतो.

मॉस्किटो बे इतकी चमकते, याचं कारण तिच्या आकारात आहे. तोंड अरुंद आणि वाकडं, त्यामुळे आतलं पाणी सहज बाहेर जात नाही. कॅरिबियन समुद्रात भरतीओहोटीचा फरक जेमतेम फूटभराचा; कोकणच्या खाड्यांत दिवसातून दोनदा जशी पाण्याची उलथापालथ होते तशी तिथे होत नाही. पाणी उथळ आणि उबदार. आणि काठाला लाल खारफुटी. तिची पानं गळतात, पाण्यात कुजतात, त्यातून पायरोडिनियमला लागणारी पोषकं मिळतात. त्यात बी-१२ हे जीवनसत्त्वही आलं. खारफुटी तोडली तर काही वर्षांत उजेडाचं दुकान बंद होईल.

गावात एक गोष्ट सांगतात की स्पॅनिश लोकांना हा सैतानाचा खेळ वाटला आणि त्यांनी खाडीचं तोंड दगड टाकून बंद करायला घेतलं. त्यामुळे ते आणखी अरुंद झालं आणि उजेड वाढला. गोष्ट म्हणून झकास आहे, पुरावा कोणी मागू नये.

बेटाचा अलीकडचा इतिहास मात्र गोष्टीपेक्षा विचित्र आहे. १९४०च्या दशकात अमेरिकी नौदलाने व्हिएकेसची बहुतेक जमीन घेतली. पश्चिमेला दारूगोळ्याची कोठारं, पूर्वेला बॉम्बफेकीचं मैदान आणि मधल्या पट्ट्यात लोक. ही व्यवस्था साठ वर्षं चालली. १९ एप्रिल १९९९ रोजी सरावाचे बॉम्ब निशाणा चुकून पडले आणि डेव्हिड सानेस हा स्थानिक पहारेकरी ठार झाला. मग लोक बॉम्बच्या मैदानातच तंबू ठोकून बसले, अटका झाल्या, आणि १ मे २००३ रोजी नौदलाला मैदान सोडावं लागलं. ती जमीन अभयारण्यात गेली, पण न फुटलेले बॉम्ब शोधून काढण्याचं काम त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिलं. नौदलाच्या त्या साठ वर्षांत बेटावर बड्या हॉटेलांची रांग उभी राहिली नाही, रस्त्यांवर दिव्यांचा झगमगाट आला नाही. खाडीचा अंधार राहिला तो यामुळे. त्यासाठी बेटावरच्यांनी मोजलेली किंमत पर्यटकाच्या तिकिटावर छापलेली नसते.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको झोडपून काढलं आणि मॉस्किटो बे विझली. खारफुटी उघडीबोडकी झाली, पावसाने खाडीत गोडं पाणी भरलं, लाटांनी आतलं पाणी बाहेर ओढलं. ज्यांचं पोट या उजेडावर होतं त्यांच्या घरी वीजही नव्हती. काही महिन्यांनी उजेड हळूहळू परतला आणि २०१८ मध्ये सहली पुन्हा सुरू झाल्या. माणसाची वर्दळ काही काळ थांबली त्याचाही उपयोग झाला, असं तिथले पुष्कळ लोक मानतात. व्हिएकेसची एक स्थानिक संस्था खाडीतल्या पाण्याचे नमुने आणि उजेडाची मोजणी नेमाने करत असते. त्याआधी नोव्हेंबर २०१३ मध्ये मुख्य बेटावरच्या फाहार्दोची लागुना ग्रांदे वादळ नसतानाच अचानक काळी पडली होती. वारा, गढूळ पाणी, जवळचं बांधकाम असे संशयित पुष्कळ निघाले. काही दिवसांनी ती आपोआप उजळली. या लागुना ग्रांदेला पोचायला खारफुटीच्या बोगद्यासारख्या चिंचोळ्या ओढ्यातून वल्हवत जावं लागतं. अंधारात समोरची कयाक दिसत नाही, आणि नवशिक्यांच्या टकरांचा आवाज सतत ऐकू येतो.

समुद्राच्या या उजेडाने एकदा एका अंतराळवीराचा जीव वाचवला आहे, म्हणजे तो अंतराळवीर होण्याच्या आधी. जिम लव्हेल, पुढे अपोलो १३चे कमांडर, १९५४ साली जपानजवळ रात्रीच्या विमानोड्डाणाच्या सरावात एकटेच भरकटले. परतीचा संकेत मिळेना, आणि नकाशा वाचायला स्वतः जोडलेला दिवा लावताच शॉर्टसर्किट होऊन कॉकपिटमधले सगळे दिवे गेले. तो काळोख झाला म्हणूनच खाली समुद्रावर हिरवट उजेडाची एक लांब रेघ दिसली. त्यांच्याच विमानवाहू जहाजाच्या पंख्यांनी ढवळलेल्या पाण्यात प्लवक चमकत होतं. लव्हेल त्या रेघेवरून जहाजावर उतरले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे.

पायरोडिनियम सगळीकडे इतका गुणी नाही. फिलिपिन्सच्या समुद्रात १९८३ पासून त्याच जातीच्या जिवांचे तांबडे लोंढे येतात; तिथले शिंपले खाऊन माणसं दगावली आहेत, कारण त्या भागातले हे जीव सॅक्सिटॉक्सिन नावाचं मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष तयार करतात. अटलांटिक बाजूचे त्यातून सुटले आहेत असं समजलं जायचं. २००२ साली फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमधले पफर मासे खाऊन लोक आजारी पडले आणि माग काढत शास्त्रज्ञ याच जिवापर्यंत पोचले. गंमत अशी की उन्हाळ्यातल्या रात्री उजेड बघायला हौशी कयाकवाले त्या लगूनमध्येही गर्दी करतात.

आपल्याकडे जुहूपासून सिंधुदुर्गापर्यंत अधूनमधून निळ्या लाटांची बातमी येते, ऑगस्ट २०१९ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर रात्री बघ्यांची झुंबड उडाली होती. हा उजेड नॉक्टिल्युका सिंटिलान्स या दुसऱ्या जिवाचा. हा पायरोडिनियमपेक्षा दांडगा, कधी कधी मिलिमीटरभर मोठा. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं तर नुसत्या डोळ्यांनी गोळे दिसतात. ऊन खाऊन हा स्वतः अन्न करत नाही. जे सापडेल ते गिळतो आणि त्याच्या हिरव्या प्रकारात तर पोटात हजारो बारीक शैवालपेशी भाडेकरूसारख्या राहून त्याला खाऊ घालतात.

व्हिएकेसला उजेड वाढला की लोक खूश होतात. अरबी समुद्रात तो वाढल्यावर शास्त्रज्ञांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोम्स यांनी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत उमेदवारी केली आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत हे काम चालू ठेवलं. साधारण २०००नंतर हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर हिरव्या नॉक्टिल्युकाची प्रचंड गर्दी दरवर्षी होऊ लागल्याचं त्यांनी नोंदवलं. तिचा विस्तार उपग्रहातून दिसतो. पूर्वी त्या जागी डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असत, ज्यांच्यावर लहान माशांपर्यंतची सगळी पंगत जेवते. नॉक्टिल्युका मुख्यतः जेलीफिश आणि साल्पच्याच तोंडचा घास. २०१४ च्या त्यांच्या शोधनिबंधाने याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी लावला. कारणांबद्दल संशोधकांत वाद आहेत, पण मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्यांना ही पंगत बदलणं परवडणारं नाही, याबद्दल फारसा वाद नाही.

कोणाला वल्हं मारतच हा उजेड बघायचा असेल, तर अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुन्या हॅवलॉक बेटावर, खारफुटीतून रात्रीच्या कयाकसहली निघतात. पॅकेज टूरवाले जाण्याची तारीख आपल्या सोयीने ठरवतात, तेव्हा आरक्षणाआधी कॅलेंडर उघडून तिथी बघावी. चंद्र उशिरा उगवणारी कृष्णपक्षाची रात्रही चालते. सहलीची वेळ फक्त चंद्रोदयाच्या आधीची हवी. कोकणात आगाऊ तारीख कोणी देऊ शकत नाही. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत, दिव्यांपासून दूरच्या पुळणीवर, ओल्या वाळूत पाय घासत चालून बघायचं. पायाखाली ठिपके चमकले तर नॉक्टिल्युका आलेला आहे. सकाळी त्याच जागी परत गेलं, तर गर्दी मोठी असल्यास पाण्यावर तांबूस किंवा हिरवट साय धरलेली दिसेल, आणि तिला अमोनियाचा वास येऊ शकतो. त्या पाण्यात मुलांना खेळायला सोडू नये.